वाचकांचे प्रश्न : राष्ट्रांच्या वर कोण?

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून अलीकडे येणाऱ्या पत्रांमध्ये जागतिक घडामोडींविषयीचे प्रश्न वाढले आहेत. विषय वेगवेगळे असले, तरी बहुतेक पत्रलेखकांची अडचण एकच आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांचे जे सिद्धांत महाविद्यालयात शिकवले जातात, त्यांचा रोजची बातमी समजून घेताना काही उपयोग होतो का, असे त्यांना विचारायचे आहे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला राज्यशास्त्र शिकतो. वास्तववाद, उदारमतवाद आणि रचनावाद यांवर परीक्षेत उत्तर लिहू शकतो, पण युक्रेनची बातमी वाचताना त्यातले काहीच उपयोगी पडत नाही. सर, या युद्धाला नेमका कोणता सिद्धांत लागू होतो?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : एकच सिद्धांत लागू झाला पाहिजे हा आग्रह तुम्ही प्रथम सोडून द्यावा. पाठ्यपुस्तकात तीन सिद्धांत तीन पक्षांसारखे समोर उभे केले जातात आणि विद्यार्थ्याने त्यांपैकी एकाची बाजू घ्यावी अशी अपेक्षा नकळत तयार होते. वास्तविक एकाच घटनेला तीन बाजूंनी विचारलेले हे प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रश्न कोठे अपुरा पडतो हे पाहण्यातच खरा अभ्यास आहे.

वास्तववादाचा आधार असा की, राष्ट्रांच्या वर त्यांना संरक्षण देणारे किंवा शिक्षा करणारे कोणतेही सरकार नसल्यामुळे प्रत्येक राष्ट्राला आपल्या सुरक्षेची तजवीज स्वतःच करावी लागते. शेजाऱ्याच्या मनात काय आहे याची खात्री कधीच देता येत नाही, म्हणून त्याच्या ताकदीवर नजर ठेवावी लागते. अमेरिकी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये ही मांडणी अत्यंत काटेकोरपणे केली. जॉन मिअरशायमर यांनी तीच भूमिका पुढे नेऊन २०१४ मध्ये, म्हणजे क्रिमियाच्या विलीनीकरणाच्या वर्षीच, या संकटाचे मूळ नाटोच्या पूर्वेकडील विस्तारात आहे असे लिहिले. घटनाक्रम त्यांच्या बाजूने बोलतो. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील असे जाहीर केले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशिया-जॉर्जिया युद्ध झाले, मार्च २०१४ मध्ये क्रिमिया गेला आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर तीन बाजूंनी आक्रमण केले. याच मिअरशायमर यांनी १९९३ मध्ये युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडू नयेत असा सल्ला दिला होता. युक्रेनने ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडममध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांची आश्वासने स्वीकारून ती सोडली. पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे.

इथपर्यंत वाचल्यावर पुष्कळ विद्यार्थी वास्तववादी होऊन थांबतात. माझी विनंती अशी की, तुम्ही थांबू नये आणि सिद्धांताला अडचणीत आणणारे उदाहरण स्वतःहून शोधावे. असे उदाहरण फिनलंडचे आहे. फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी नाटोचा सदस्य झाला आणि नाटो व रशिया यांच्यातील भूसीमा एका दिवसात सुमारे १,३०० किलोमीटरने वाढली. नाटोची जवळीक हेच युद्धाचे पुरेसे कारण असते, तर येथे मोठा भडका उडायला हवा होता, पण तसे घडले नाही. युक्रेनचे महत्त्व रशियाच्या दृष्टीने फिनलंडपेक्षा कितीतरी अधिक आहे, असे वास्तववादी यावर सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु ते महत्त्व नकाशावरच्या अंतरात मावत नाही. जुलै २०२१ मध्ये व्लादिमीर पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनियन हे ऐतिहासिकदृष्ट्या एकच लोक आहेत असे मांडणारा दीर्घ लेख प्रसिद्ध केला होता. फिनलंडविषयी असा लेख कोणी लिहिला नव्हता. राष्ट्रे स्वतःला आणि दुसऱ्याला कोण समजतात यावर त्यांची भीती ठरते, हे अलेक्झांडर वेंट यांनी १९९० च्या दशकात मांडलेले रचनावादी सूत्र येथे उपयोगी पडते. ब्रिटनच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाची पाच अण्वस्त्रे अमेरिकेला अधिक धोकादायक वाटतात, हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

व्यापार आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांमुळे युद्धे टळतात असे उदारमतवाद मानतो. त्याच्या बाजूने पाहिले तर हे युद्ध मोठे अपयश ठरते. २०२१ मध्ये जर्मनीच्या नैसर्गिक वायूच्या आयातीतला निम्म्याहून अधिक वाटा रशियाचा होता आणि एवढा व्यवहार असताना कोणी युद्धाला हात घालणार नाही, अशी अनेकांची श्रद्धा होती. सुरक्षा परिषदेचीही तीच गत झाली. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे निषेधाच्या ठरावाच्या बाजूने अकरा मते पडली, भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिरात तटस्थ राहिले आणि रशियाने स्वतःच्याच कृतीविरुद्धचा ठराव नकाराधिकाराने अडवला.

माझे मत विचाराल, तर रशिया अस्वस्थ का होता हे वास्तववाद चांगले सांगतो, पण त्याने २०२२ मध्ये थेट कीव्हकडे सैन्य का वळवले, हे रचनावादाच्या मदतीशिवाय सांगता येत नाही. सरावासाठी तुम्ही २ मार्च २०२२ चे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील मतदान घ्यावे. १४१ देश ठरावाच्या बाजूने, पाच विरोधात आणि ३५ तटस्थ, अशी ती विभागणी होती आणि तटस्थांमध्ये भारत होता. शस्त्रास्त्रांसाठी रशियावर असलेले अवलंबित्व, चीनच्या सीमेवरची चिंता आणि डिसेंबर १९७१ मध्ये सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेत भारतासाठी वापरलेल्या नकाराधिकाराची आठवण, या तीन कारणांना किती वजन द्यायचे हे स्वतः ठरवून पाहावे. परीक्षेतल्या उत्तराहून या सरावातून तुम्हाला अधिक मिळेल.

प्रश्न : आमच्याकडे सीमाप्रश्नाची चर्चा निघाली की कोणीतरी काश्मीरचे किंवा पॅलेस्टाइनचे उदाहरण देतो. म्हादईच्या पाण्यावर बोलताना सिंधू कराराचे नाव निघते. शाळेत मुलेही असे प्रश्न विचारतात. हे दाखले योग्य आहेत का?
— एक माध्यमिक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : हे दाखले योग्य नाहीत. मात्र ते का योग्य नाहीत हे मुलांना नीट समजावून सांगितले, तर आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचा गाभाच त्यांच्या हाती लागेल, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा घेत आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर आंदोलने झाली, १९६६ मध्ये न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने अमान्य केला आणि कर्नाटकाने अंतिम मानला. २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या इतिहासातील वेदना मला परकी नाही. भाषेचा फलक, शाळेचे माध्यम आणि कार्यालयातील कागद यांतून ती येथील माणसाला रोज जाणवते. तरीही या प्रश्नाची चौकट काय आहे ते पाहावे. दोन्ही पक्ष एकाच राज्यघटनेखाली आहेत. राज्यांमधील वाद ऐकण्याचा मूळ अधिकार अनुच्छेद १३१ नुसार सर्वोच्च न्यायालयाला आहे आणि राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नुसार संसदेला आहे. दोघांपैकी कोणाजवळ स्वतःचे सैन्य नाही आणि न्यायालयाचा निकाल मानायचा की नाही, हे ठरवण्याची मोकळीकही कोणाला नाही.

आता राष्ट्रांचे पाहू. थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर प्रेह विहिअर नावाचे प्राचीन शिवमंदिर आहे. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये ते कंबोडियाचे असल्याचा निकाल दिला. निकाल स्पष्ट होता. तरीही भोवतालच्या जमिनीचा वाद राहिला, २००८ ते २०११ या काळात तेथे गोळीबार झाला, २०१३ मध्ये न्यायालयाने आपल्या जुन्या निकालाचा अर्थ पुन्हा सांगितला, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच सीमेवर तोफा आणि लढाऊ विमाने वापरली गेली. दक्षिण चिनी समुद्राबाबत लवादाने जुलै २०१६ मध्ये फिलिपिन्सच्या बाजूने दिलेला निवाडा चीनने सरळ नाकारला. राष्ट्राराष्ट्रांत न्यायालये असतात, पण त्यांच्यासमोर उभे राहायचे की नाही हे बहुतांशी राष्ट्रांच्या संमतीवर अवलंबून असते, आणि निकाल अमलात आणणारा अधिकारी कोणीच नसतो. वास्तववादाची इमारत या एका उणिवेवर उभी आहे. बेळगावच्या प्रश्नात ही उणीव नाही, म्हणून तो सिद्धांत येथे लागू करता येत नाही.

पाण्याच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक आहे. म्हादई तुमच्याच तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. कळसा आणि भंडुरा नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात तंटा झाला, तेव्हा १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्याखाली २०१० मध्ये लवाद नेमला गेला. त्याने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले. निवाड्यावर राज्ये नाराज झाली, तेव्हाही ती गेली सर्वोच्च न्यायालयातच. कणकुंबीच्या कामांवरून कितीही कटुता झाली असली, तरी एका राज्याने दुसऱ्याविरुद्ध काय करायचे याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत.

सिंधू पाणीवाटप करार १९ सप्टेंबर १९६० रोजी जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झाला. १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतूनही तो टिकला आणि त्यामुळे उदारमतवादी अभ्यासक तो संस्थांच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून सांगत असत. पहलगाम येथील २२ एप्रिल २०२५ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. जून २०२५ मध्ये लवाद न्यायालयाने आपला अधिकार अबाधित असल्याचे म्हटले, तेव्हा भारताने त्या न्यायालयाची स्थापनाच मान्य नसल्याचे सांगितले. भारताच्या निर्णयाचे समर्थन करणारा आणि त्यावर शंका घेणारा, अशा दोघांनाही एक गोष्ट मान्य करावी लागते. हा निर्णय घेण्यापासून भारताला अडवू शकेल असे वरिष्ठ पीठ जगात नव्हते. म्हादईच्या बाबतीत ते आहे.

यातून सीमाभागातील मराठी माणसाला लाभदायक ठरणारा एक मुद्दा निघतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर बोलताना केनियाच्या प्रतिनिधींनी सुरक्षा परिषदेत सांगितले होते की, आफ्रिकेच्या सीमा वसाहतकर्त्यांनी आखल्या, एका भाषेची आणि एका रक्ताची माणसे दोन देशांत विभागली गेली, तरीही रक्तपात टाळण्यासाठी आफ्रिकी राष्ट्रांनी त्या सीमा स्वीकारल्या. आफ्रिकी एकता संघटनेने तसा ठराव १९६४ मध्ये कैरोत केला होता. सार्वभौम राष्ट्रांच्या बाबतीत हा शहाणपणाचा मार्ग होता, कारण तेथे सीमा हलवायची म्हणजे बहुधा युद्धच करावे लागते. भारतात मात्र १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात, १९६६ मध्ये पंजाब आणि हरियाणा, २००० मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड, २०१४ मध्ये तेलंगण, अशा सीमा कायद्याने पुन्हा पुन्हा आखल्या गेल्या. सीमा बदलण्याची मागणी करणे येथे देशविघातक नाही आणि ती नाकारणे हेही आक्रमण नाही. काश्मीरचा किंवा पॅलेस्टाइनचा दाखला देणारा माणूस आपल्या मागणीची ही कायदेशीर ताकदच गमावतो आणि ज्या कन्नड शेजाऱ्याबरोबर आपण बाजार, शेत आणि बसस्थानक वाटून घेतो, त्याला परराष्ट्र ठरवतो. मुलांना हे जरूर सांगावे.

रचनावादाचा थोडा उपयोग मात्र येथेही होतो. ‘आपण’ आणि ‘ते’ या ओळखी पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे, निवडणुकीची भाषणे आणि फलक यांतून घडतात आणि त्या घडलेल्या असल्यामुळेच बदलूही शकतात, हे निरीक्षण राष्ट्रांपुरते मर्यादित नाही.

प्रश्न : उद्यमबागमध्ये माझे छोटे युनिट आहे. आमचे कास्टिंगचे आणि मशिनिंगचे काम निर्यातदारांमार्फत अमेरिकेला जाते. व्यापार वाढला की भांडणे कमी होतात असे आम्ही ऐकत आलो. मग २०२५ मध्ये आमच्यावर पन्नास टक्के शुल्क कसे आले?
— एक लघुउद्योजक, बेळगाव

उत्तर : तुम्ही जे ऐकत आलात तो उदारमतवादाचा अर्धाच भाग आहे. रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय यांनी १९७७ मध्ये परस्परावलंबनाचा सिद्धांत मांडला, तेव्हाच त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. व्यवहार तुटला की लगेच झळ कोणाला किती बसते, ही पहिली गोष्ट. दुसरा मार्ग शोधूनही जो सावरू शकत नाही तो किती असहाय असतो, ही दुसरी. अवलंबित्व दोन्ही बाजूंना असले तरी ते क्वचितच सारखे असते आणि ज्याला कमी गरज असते त्याच्या हाती सत्ता येते, हे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. व्यापाराच्या उत्साहात हा भाग पुष्कळांनी वाचलाच नाही.

२०२५ चे वर्ष या मुद्द्याची जणू परीक्षाच होती. अमेरिकेने ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लावले आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के वाढवले. रशियन तेलाचा सर्वांत मोठा ग्राहक चीन आहे, पण त्या कारणासाठीचा दंड त्याला झाला नाही. त्याआधी एप्रिलमध्ये अमेरिकेने चीनवरील शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेले होते आणि चीनने सात दुर्मीळ मृदाधातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. मोटारीपासून क्षेपणास्त्रापर्यंत लागणारी चुंबके त्यांपासून बनतात आणि त्यांच्या शुद्धीकरणावर चीनची जवळजवळ मक्तेदारी आहे. मे महिन्यातच अमेरिकेने शुल्क खाली आणले. भारताजवळ अशी दाबता येण्याजोगी कळ नव्हती. हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन यांनी २०१९ मध्ये असे दाखवून दिले होते की, जागतिक व्यवहारांच्या जाळ्यातील मोक्याची ठिकाणे ज्याच्या ताब्यात असतात, तो त्या जाळ्याचेच शस्त्र करू शकतो. डॉलर आणि बँकांची संदेशव्यवस्था अमेरिका व युरोप यांच्या हाती आहे, तर मृदाधातू चीनच्या हाती आहेत.

दाद कोठे मागायची, असाही प्रश्न तुमच्या मनात असेल. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेने त्यावरील नेमणुका अडवून धरल्या. आधीच्या उत्तरात जी उणीव सांगितली तीच येथे तुमच्या ऑर्डरबुकात उतरली आहे.

भारत आणि अमेरिका यांच्यातील वाटाघाटी लांबण्याचे कारण रॉबर्ट पुटनम यांच्या १९८८ च्या मांडणीत सापडते. प्रत्येक सरकार एकाच वेळी दोन टेबलांवर बसलेले असते, एकीकडे परदेशी प्रतिनिधी आणि दुसरीकडे स्वतःचे मतदार. शेती आणि दूधव्यवसाय खुला करण्याची मागणी भारताने मान्य केली असती, तर तुमचे काम कदाचित लवकर सुटले असते, पण त्याची किंमत गोठ्यात दोन म्हशी असलेल्या तुमच्याच नातेवाइकाने मोजली असती. मी सरकारच्या जागी असतो तर मीही ती मागणी नाकारली असती. तथापि त्या नकाराचा भार लघुउद्योगांवर पडतो हे उघडपणे मान्य करून त्यांना आधार द्यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

तुमच्यापुरता उपयोगाचा प्रश्न असा आहे : ग्राहकाला तुमच्याऐवजी दुसरा पुरवठादार शोधायला किती काळ लागेल? हत्तरगीजवळच्या औद्योगिक वसाहतीत विमानाचे जे भाग बनतात, त्यांच्या प्रत्येक पुरवठादाराला प्रमाणीकरणाच्या दीर्घ प्रक्रियेतून जावे लागते, त्यामुळे तो सहज बदलता येत नाही. साधे कास्टिंग मात्र दुसरीकडे लवकर हलवता येते.

प्रश्न : आम्ही ऊस पिकवतो. युद्ध तिकडे दूर होते आणि खताची टंचाई इकडे होते. यालाही काही सिद्धांत आहे का?
— एक शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर : यासाठी मोठ्या सिद्धांताची गरज नाही, उत्पादन किती थोड्या हातांत आहे एवढे पाहिले तरी पुरते. पोटॅश भारत जवळजवळ संपूर्णपणे आयात करतो आणि जगातील सर्वांत मोठे निर्यातदार कॅनडा, रशिया आणि बेलारूस हे तीन आहेत. २०२२ मध्ये त्यांतील दोघांवर निर्बंधांची आणि युद्धाची छाया पडली. फॉस्फेटच्या निर्यातीवर चीनने २०२१ पासून वेळोवेळी बंधने घातली आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात येमेनमधील हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. युरियाच्या गोणीचा दर सरकार ठरवत असल्याने युद्धाचा फटका तुम्हाला दरात कमी आणि रांगेत अधिक जाणवतो.

प्रश्न : मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. दोन्ही देशांकडे अणुबॉम्ब असले की युद्ध होत नाही, असे व्याख्यानांत सांगत. मग कारगिल कसे झाले, आणि मे २०२५ मध्ये पुन्हा कसे लढावे लागले?
— एक माजी सैनिक, खानापूर तालुका

उत्तर : सुभेदारसाहेब, आपण ज्या व्याख्यानांचा उल्लेख करता, त्यांच्या मुळाशी केनेथ वॉल्ट्झ यांचा १९८१ चा निबंध असावा. अण्वस्त्रांमुळे चुकीची किंमत इतकी भयंकर होते की राज्यकर्ते सावध होतात, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु त्याआधी १९६५ मध्ये ग्लेन स्नायडर यांनी दुसरी बाजू दाखवली होती. मोठे युद्ध होणार नाही अशी दोघांनाही खात्री वाटू लागली, की लहान लढाई करून पाहण्याचा मोह वाढतो. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी चाचण्या केल्या आणि वर्षभरात कारगिल झाले. पाकिस्तानचा अंदाज असा होता की, अण्वस्त्रांच्या भीतीने भारत हात आखडता घेईल. भारताने हवाई दलाला नियंत्रण रेषा न ओलांडण्याची आज्ञा देऊन युद्ध मर्यादित ठेवले, पण शिखरे सोडली नाहीत. म्हणजे स्नायडर यांचे म्हणणे युद्धाच्या सुरुवातीला लागू पडले आणि वॉल्ट्झ यांचे त्याच्या मर्यादेला.

त्यानंतर पायरी वर सरकत गेली. २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे कारवाई झाली, फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवर हवाई हल्ला झाला आणि ७ ते १० मे २०२५ या काळात पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातही क्षेपणास्त्रे गेली व दोन्ही बाजूंनी ड्रोन वापरले गेले. प्रत्येक वेळी संघर्ष थांबला, हे वॉल्ट्झ यांच्या बाजूचे मानता येईल. मला मात्र दर वेळी आधीची मर्यादा ओलांडली गेली ही गोष्ट अधिक काळजीची वाटते, कारण ती पुढच्या वेळी कोठे ठरेल हे कोणताही सिद्धांत सांगत नाही. ‘स्थैर्य’ म्हणताना अभ्यासक फक्त अणुयुद्ध टळल्याचा हिशेब करतात. कारगिलमध्ये पाचशेहून अधिक भारतीय जवान गेले आणि ज्या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव केंद्रात भरतीला जातात, तेथे हा हिशेब अपुरा आहे हे आपल्याला सांगायला नको.

गलवानचाही उल्लेख करतो. १५ जून २०२० रोजी वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले, पण गोळी झाडली गेली नाही. भारत-चीन प्रत्यक्ष नियंत्रण रेषेजवळ बंदुका न वापरण्याचा १९९६ चा करार अशा रक्तपातातही काही अंशी पाळला गेला.

प्रश्न : हे सारे पाश्चात्त्य सिद्धांत कशासाठी? कौटिल्याने दोन हजार वर्षांपूर्वी सर्व सांगून ठेवले आहे.
— एक निवृत्त संस्कृत अध्यापक, शहापूर, बेळगाव

उत्तर : गुरुजी, आपला अभिमान योग्य आहे आणि त्याला कर्नाटकाचा आणि मराठी विद्वत्तेचा असा दुहेरी आधारही आहे. अर्थशास्त्राची हरवलेली मानली जाणारी संहिता १९०५ मध्ये म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिची चिकित्सित आवृत्ती प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० च्या दशकात मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केली. संधी (तह), विग्रह (वैर), आसन (स्वस्थ बसणे), यान (चाल करून जाणे), संश्रय (बलवानाचा आश्रय) आणि द्वैधीभाव (एकाशी तह, दुसऱ्याशी वैर) ही सहा धोरणे आजही उपयोगी आहेत. ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार हा संश्रयाच्या जवळ जाणारा होता, तर एका बाजूला अमेरिकेबरोबरचा क्वाड गट आणि दुसऱ्या बाजूला रशिया-चीनसोबतचा ब्रिक्स गट व रशियन एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा हे आजचे धोरण द्वैधीभावाची आठवण करून देते.

परंतु कौटिल्यालाही तीच कसोटी लावली पाहिजे जी मिअरशायमर यांना लावली. लगतचा राजा शत्रू आणि त्यापलीकडचा मित्र ही मंडलाची कल्पना पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्याकडे पाहताना पटते, पण भूतान लगतचाच असून शत्रू नाही, आणि अमेरिका व कॅनडा यांच्यातील हजारो किलोमीटरच्या सीमेवर सैन्य उभे नाही. शिवाय मंडल हे विजिगीषू राजासाठी, जिंकू पाहणाऱ्यासाठी, रचले आहे. सीमा बळाने बदलू नयेत असे निदान कागदावर मान्य केलेल्या जगात ते जसेच्या तसे वापरता येत नाही.

आपल्या जवळचे आणखी एक उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास करवीर राज्यासाठी लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, इशारा दिला आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, यांना वखारीसाठी समुद्रकिनारी जागा देऊ नये, असा त्याचा आशय आहे. व्यापार आणि राज्यसत्ता यांचा संबंध पुढे परदेशी विद्यापीठांतून जसा मांडला गेला, त्याचे बीज त्यात आहे.

हा इशारा आज अनेक जण श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराला लावतात, जे २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. बंदर हातचे गेले इथपर्यंत दाखला जुळतो. परंतु श्रीलंकेला कर्जात बुडवले ते चीननेच, हे मात्र खरे नाही. त्या देशाच्या परकीय कर्जात चीनपेक्षा आंतरराष्ट्रीय रोखेबाजाराचा वाटा मोठा होता, आणि भाडेपट्ट्यातून मिळालेले १.१२ अब्ज डॉलर परकीय चलनाची चणचण भागवण्यासाठी वापरले गेले. अमात्यांना दिसत होता तो सावकार आणि त्याच्यामागे उभा असलेला राजा. कोलंबोला अडचणीत आणणाऱ्या सावकारांपैकी सर्वांत मोठ्या गटाच्या मागे राजा नव्हताच.